पाण्याचं इंजेक्शन

"किती कमी झालं, सिस्टर? रुपयात किती आणे?" डॉक्टर शहापुऱ्यांनी विचारलं.

मी ड्रेसिंग रूममधल्या रेक्झिनच्या टेबलावर डाव्या कुशीवर पडले होते. पंधरा मिनिटांपूर्वी खाडे सिस्टरने मला इंजेक्शन दिलं होतं. माकडहाडापासून निघून डाव्या पोटरीपर्यंत जाणारी ती आग दोन वर्षांत पहिल्यांदाच विझत आल्यासारखी वाटत होती. इतकं हलकं वाटत होतं की डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं आणि मला ते पुसावंसंही वाटत नव्हतं.

"बारा आणे," मी म्हणाले. "बारा आणे तरी कमी आहे, सर. काय दिलंत?"

ते मागे उभ्या असलेल्या दोन शिकाऊ डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "बारा आणे. ऐकलंत ना दोघांनी? वेळ लिहून घ्या." मग ट्रेमधली फुटकी अँप्यूल दोन बोटांत धरून त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर आणली. "वाचा."

मला वाचायची गरज नव्हती. सोळा वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला ते लेबल लांबूनही ओळखू येतं. डिस्टिल्ड वॉटर. पावडरीची औषधं कालवायला वापरतात ते शुद्ध पाणी. त्यात औषध नसतं, गुंगी नसते, काहीही नसतं.

"दोन वर्षं डोकं खाल्लंत आमचं," ते म्हणाले. रागावले असते तरी चाललं असतं, ते हसत होते. "एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, सगळं नॉर्मल. आणि दोन मिली पाण्याने बारा आणे आराम! दुखणं कंबरेत नाहीये, सिस्टर. इथं आहे." त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट आपटलं. "शुक्रवारी कमिटीपुढे मी एवढंच सांगणार आहे."

शिकाऊ डॉक्टरांतली मुलगी फाइल तोंडापुढे धरून हसली. मुलगा उघडच हसला.

मी टेबलावरून उतरले. पाय जमिनीला लागले तेव्हा ती आग परत आलेली होती. सगळीच्या सगळी.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. पण ते हसणं आठवलं की अजून माझे कान तापतात.

मी महानंदा ऐनापुरे. तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि जिल्ह्याच्या गावी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डमध्ये स्टाफ नर्स होते. त्याच्या दोन वर्षं आधी एका जाडजूड पेशंटला स्ट्रेचरवरून कॉटवर घेताना स्ट्रेचरचं चाक सरकलं आणि त्याचा सगळा भार माझ्यावर आला. कंबरेत कट् असा आवाज झाला. स्नायू दुखावलाय, सहा आठवड्यांत भरून येईल, असं शहापुऱ्यांनीच सांगितलं होतं. स्नायू भरून आला असावा. दुखणं गेलं नाही.

त्याच्या मागोमाग झोप गेली. मग जेवणाची चव गेली. मग एकेक करून सगळ्याचंच काही वाटेनासं झालं. माझी मुलगी वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली, चषक घेऊन धावत घरी आली. मी "छान" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ती चषक हातात धरून दारात किती वेळ उभी होती, मला जाणवत होतं. वळून बघायला हवं हे कळत होतं. वळले नाही.

माझे यजमान, बसवराज, प्राथमिक शाळेत शिक्षक. वाईट माणूस नाही. एमआरआयचा रिपोर्ट आला त्या दिवशी पेढे घेऊन आले. म्हणाले, "नॉर्मल आलाय की! आता तरी हस." मी पेढ्यांचा पुडा उचलून मोरीत फेकला. माझ्यात तेव्हा राग तेवढा शिल्लक राहिला होता. बाकी काही उरलं नव्हतं, पण राग भरपूर होता.

माझ्या दुखण्यामुळे मला रात्रपाळी आणि पेशंट उचलायचं काम देत नव्हते. ते काम दुसऱ्यांच्या अंगावर पडत होतं, आणि त्या दुसऱ्या चिडल्या होत्या. त्यांचं चुकत होतं असंही नाही. शेवटी कुणीतरी लेखी तक्रार केली: ऐनापुरे सिस्टर आजाराचं सोंग करतात. म्हणून ती कमिटी.

इंजेक्शनच्या त्या दुपारी मी खाडेला चादरींच्या खोलीत गाठलं. लीला खाडे माझी ट्रेनिंगपासूनची मैत्रीण. एका ताटात जेवलेल्या आम्ही.

"तुला माहीत होतं?"

ती चादरींच्या घड्या करत राहिली.

"लीला, मी विचारतेय. तुला माहीत होतं त्यात काय आहे?"

"मीच भरलं ना ते. माहीत कसं नसेल?"

"आणि मला म्हणालीस, नवीन औषध आलंय, फार चांगलं आहे. माझ्या पाठीवरून हात फिरवलास."

"ऑर्डर होती, नंदा."

"ऑर्डर!"

"ओरडू नकोस." तिने हातातली चादर खाली ठेवली. तीही चिडली होती. "तुझ्या वाट्याच्या रात्री कोण करतंय गं? मागच्या महिन्यात आठ केल्या मी. आणि माझ्याजागी तू असतीस तर काय केलं असतंस? सांग ना. काय केलं असतंस?"

मी दार आपटून बाहेर पडले.

संध्याकाळी मेट्रन देशिंगकर मॅडमनी बोलावलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कमिटीला मानसोपचाराचा कागद लागेल. उद्याच जाऊन घेऊन ये. नाहीतर ते एकतर्फी ठरवून मोकळे होतील."

"म्हणजे मी वेडी?"

"मी असं म्हटलं का? कागद घेऊन ये."

आमच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी मागच्या बाजूला, धोबीघाटाला लागून होती. स्टाफपैकी तिकडे कुणी उघडपणे जात नसे. मी पदर डोक्यावरून घेऊन गेले. आयुष्यात कधी घेतला नव्हता.

आत तिशीतल्या एक डॉक्टर होत्या, डॉ. अफरोज मुजावर. नव्यानेच आल्या होत्या. टेबलावर एक पंखा आणि कागदांवर वजन म्हणून ठेवलेला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

"मी वेडी नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "बसा. की बसल्यावर जास्त दुखतं?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो, जास्त दुखतं." त्या उठल्या आणि खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी उभ्यानेच बोललो.

"सांगा."

"काय सांगू? पाण्याच्या इंजेक्शनने बारा आणे बरी झाले मी. एव्हाना कँटीनवाल्यालाही माहीत असेल. दुखणं मनाचं आहे असं तुम्ही लिहा, सही करा, मी जाते."

"कुणाचा राग आलाय एवढा?"

"सगळ्यांचा. तुमचाही."

"माझा कशाबद्दल?"

"तुम्हीही तेच म्हणणार म्हणून."

"तेच म्हणणार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं दुखणं डोक्यात आहे."

मी पर्स उचलली.

"थांबा, सिस्टर. सगळ्यांचंच डोक्यात असतं. तुमच्या वॉर्डात मांडीचं हाड मोडलेला जो कोणी असेल, त्याचंही. हाडाकडून फक्त निरोप जातो. दुखतंय की नाही, किती दुखतंय, हे मेंदू ठरवतो. पाय कापलेल्या माणसाचा नसलेला अंगठा दुखतो, बघितलंय ना तुम्ही?"

बघितलं होतं. साखरेच्या आजाराने पाय गेलेले म्हातारे रिकाम्या चादरीकडे बोट दाखवून रडताना बघितले होते.

"मग एक सांगा. मॉर्फीन जास्त झालं तर उतारा म्हणून काय देता?"

ही माझी परीक्षा घेतेय की काय, असं वाटलं. "नॅलॉक्सोन."

"ते काय करतं?"

"मॉर्फीन जिथे जाऊन बसतं तिथून त्याला हुसकावतं."

"आणि नुसतं पाणी दिलेलं असेल तर?"

"पाण्यावर त्याचं काय चालणार?"

"आता ऐका. फार वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला. दुखण्यावरचं औषध म्हणून त्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींना आराम पडला, तुमच्यासारखाच. मग त्यांना न सांगता नॅलॉक्सोन दिलं. त्यांचं दुखणं परत आलं." त्या थांबल्या. "का आलं?"

 औषधांचा हिशोब मला कळतो, माझा धंदाच तो. पाण्यावर नॅलॉक्सोनचं काही चालत नाही. तरी त्याने कशाला तरी हुसकावलं. म्हणजे हुसकावण्यासारखं काहीतरी तिथे बसलेलं होतं.

"मॉर्फीनसारखं काहीतरी होतं आत," मी म्हणाले.

"मेंदूने स्वतः केलेलं. विश्वासाच्या माणसाने सुई टोचली, पाठीवर हात ठेवला, आता थांबणार असं वाटलं, आणि मेंदूने आपल्याजवळचं औषध सोडलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला पाण्याने आराम कसा पडेल, सिस्टर? त्याला मुळात दुखतच नसतं. कमी काय होणार?"

बाहेर धोबीघाटावर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. 

मग त्यांनी झोपेचं विचारलं. जेवणाचं, घरचं विचारलं. शेवटचं कधी कशाने आनंद झाला होता, असं विचारलं. मला आठवेना. मी चषकाचं सांगितलं. जगावंसं वाटत नाही असं कधी होतं का, हेही त्यांनी सरळ विचारलं, आणि मीही सरळ सांगितलं की होतं. त्यांनी नजर हलवली नाही.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "उदासीनतेचा. डिप्रेशन. कंबरेच्या दुखण्यापेक्षा वेगळा, पण एकाच घरात राहणारा. मेंदूतून खाली मणक्याकडे एक वाट उतरते, वर येणारं दुखणं ती दाबून धरते. त्या वाटेवर जी रसायनं काम करतात, सिरोटोनिन वगैरे, त्यांचंच काम या आजारातही बिघडलेलं असतं. दुखणं महिनोन्महिने थांबलं नाही की मन खचतं, आणि मन खचलं की दुखणं दाबणारा हात ढिला पडतो. सगळं कळलंय असं कुणीच म्हणणार नाही. पण तुमच्या बाबतीत ही दोन्ही आता एकमेकांना पोसतायत, एवढं मला दिसतंय. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. तो तुमच्या कंबरेचा काढलाय."

एखादीला अशा वेळी हायसं वाटलं असतं. मला वाटलं नाही. मला राग आला. आणि या वेळी तो शहापुऱ्यांचा नव्हता, खाडेचाही नव्हता.

"मॅडम," मी म्हणाले, "हे पाणी मी स्वतः किती जणांना दिलंय माहीत आहे तुम्हाला?"

मीच पुढे सांगत गेले.

"ऑर्डर यायची. चार्टवर नुसती दोन अक्षरं, डी. डब्ल्यू., लिहिलेली असायची, पेशंटच्या माणसांना कळू नये म्हणून. महिन्यातून एखाद-दुसरी. बहुतेक बायकाच. मी हसत जायची, नवीन औषध आलंय म्हणायची, पाठीवरून हात फिरवायची. खाडेने माझ्या बाबतीत जे केलं ते सगळं तिला मीच शिकवलेलं आहे."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी हौसाबाई कोळेकरचं सांगितलं. जतकडच्या एका वाडीवरची बाई, चाळिशीची. मानेतून कळ निघायची आणि उजवा हात खांद्यापासून भरून यायचा, वर उचलायचा नाही. एक्स-रेचे सगळे फोटो चांगले. सहा वर्षांपूर्वी शहापुऱ्यांनी दोन अक्षरं लिहिली आणि मी सुई भरली. वीस मिनिटांनी मीच जाऊन विचारलं, मावशी, रुपयात किती आणे? ती म्हणाली, सोळा आणे बाई, देवीगत हात हाय तुमचा. माझा हात दोन्ही हातांत धरून तिने कपाळाला लावला. आणि मी बाहेर आले. वॉर्डच्या दारात तिचा नवरा होता, मुलगा होता, भेटीची वेळ म्हणून गर्दी होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "घेऊन जा घरी. काही झालेलं नाही. पाण्याने बरी झाली तुमची बाई."

"सगळे हसले," मी मुजावर मॅडमना सांगितलं. "आतल्या पेशंट हसल्या. तिचा नवराही हसला. मी तर सर्वांत मोठ्याने. तिला आतून ऐकू येत होतं."

 तुमची चूक नाही, तुम्हाला माहीत नव्हतं, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी तिथे परत पाऊल ठेवलं नसतं.

"आता मी काय करू?" मी विचारलं.

"गोळ्या लिहून देते. रोज थोडं चालायचं, आठवड्याला मला भेटायचं. त्या दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं ते मला लिहून देता येत नाही."

शुक्रवारी कमिटी बसली. ट्रस्टचे सेक्रेटरी पाटणकर, मेट्रन, शहापुरे आणि ऑफिसातले एक कारकून. शहापुऱ्यांनी वेळेसकट सगळं वाचून दाखवलं: इंजेक्शन साडेबाराला, पाऊण वाजता पंच्याहत्तर टक्के आराम. मग टेबलावर ती अँप्यूल ठेवली, कोर्टात चाकू ठेवावा तशी.

मी मुजावर मॅडमचा कागद पुढे केला आणि नॅलॉक्सोनचं सांगितलं. शहापुऱ्यांना नॅलॉक्सोन काय ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी ते म्हणाले, "हे सगळं पुस्तकी आहे."

"सर, तुमचं ऑपरेशनही पुस्तकातच लिहिलेलं आहे," मी म्हणाले. "सोयीचं तेवढं वाचलंत."

"जपून बोला, सिस्टर."

"सोळा वर्षं जपूनच बोलले." मी पर्समधून वहीचा कागद काढला. आदल्या दिवशी बसून आठवतील तेवढी नावं लिहिली होती. अकरा आठवली होती. "ज्यांना मी या हॉस्पिटलात पाणी देऊन खोटं पाडलं ती ही माणसं. पुष्पा आवटी. ताराबाई ढेरे. हौसाबाई कोळेकर. फातिमा जमादार..."

मी अकरा नावं वाचली. माझा आवाज फाटत होता, पण वाचली. नावं संपली. वाटलं, आता कुणीतरी विचारेल, या बायकांचं पुढे काय झालं.

पाटणकर पुढे झुकले. "हे तुम्ही बाहेर कुठे बोललात का?"

एवढंच त्यांनी विचारलं.

मला सहा महिने ओपीडीत हलकं काम करायची परवानगी मिळाली. पाण्याची इंजेक्शनं बंद करा, असं मेट्रननी आम्हाला तोंडी सांगितलं. कागदावर काही आलं नाही. कमिटीच्या अहवालात माझी अकरा नावं नव्हती. शहापुऱ्यांनी माफी मागितली नाही. आज त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे आणि बाहेर रांग असते. खाडे त्या दिवशी ऑफिसबाहेर बाकावर बसली होती. मी बाहेर आल्यावर ती उठून उभी राहिली. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुझ्याजागी असते तर मीही दिलं असतं." ती रडायला लागली. मला रडू आलं नाही.

गोळ्यांना गुण यायला दीड महिना लागला. एक दिवस डब्यातल्या मेथीच्या भाजीला मेथीचा वास आला, तेव्हा मला कळलं की काहीतरी बदललंय. मी मुलीच्या खोलीत गेले आणि तिला म्हटलं, ते भाषण म्हणून दाखव. ती म्हणाली, "आता कशाला?" तिचाही राग मला झेलावा लागला. तो तिचा हक्क होता. कंबर अजून दुखायची, पण दुखण्याच्या आणि माझ्या मध्ये आता थोडी जागा झाली होती.

तिसऱ्या महिन्यात मी रेकॉर्डरूममधून हौसाबाईचा पत्ता काढला आणि जतच्या गाडीत बसले. बसले म्हणजे निम्मा रस्ता दांड्याला धरून उभी राहिले. पुढे वाडीपर्यंत वडापची जीप होती.

हौसाबाई गोठ्यापुढे म्हशीची धार काढत होती, एका हाताने. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मी दिसल्यावर तिने धार थांबवली आणि डोळे बारीक करून बघितलं.

"पान्याच्या बाई न्हवं तुमी?"

"होय, मावशी."

"आता काय आनलंय? आनी पानी?"

मला बस म्हणालीही नाही. मी तिथेच, शेणाच्या पाट्यांजवळ उभी राहिले. चार वाक्यं ठरवून आणली होती, त्यातलं एक आठवेना. तीच बोलायला लागली, धारेकडे बघत.

"तवाधरनं म्या तोंड उघडायची खोटी. हात दुखतुया म्हनलं की मालक म्हनायचं, तांब्याभर पानी द्या रं तिला. मग ल्योक म्हनायला लागला. मग सून. मग गल्लीतली समदी. डागदराकडं कुनी न्हेलं न्हाई. पान्यानं बरी हुती ती बाई, तिला डागदर कशाला? गेल्या साली मालक वारलं. हातरुनात पडल्याती, पानी मागत्याती, म्या तांब्या न्हेला तर म्हनत्यात, तू पी, तुला गुन येतुया." ती थांबली. "मरता मरता हासत हुतं."

"मावशी, तुम्ही खोटं बोलत नव्हता," मी म्हणाले. "चूक आमची होती. त्या पाण्याने तुम्हाला खरंच आराम पडला होता. डोक्यात आपलं स्वतःचं औषध असतं, ते सुटतं. दुखणं खरं असलं तरच ते..."

"मला म्हाईत हाय की!" ती एकदम ओरडली. म्हैस दचकून बाजूला सरली. "मला काय सांगताय? माझं मला ठावं न्हाई व्हय? दोन दिस हात हलका हुता माजा. माजी म्या येनी घातली हुती. मला नगा सांगू."

"मग..."

"त्यास्नी सांगा."

"कुणाला?"

ती उठली. दुधाची किटली डाव्या हातात घेतली आणि मागे न बघता चालू लागली. "या."

ती नंतर मुजावर मॅडमकडे आली, वर्षभर दर महिन्याला येत राहिली आणि तिचा हात बराचसा उठू लागला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ती काय करणार आहे मला माहीत नव्हतं. मी तिच्या मागून चालत होते आणि प्रत्येक पावलाला डाव्या पायातून कळ येत होती.

दूध डेअरीसमोर पाऊणशे माणसं असतील. संध्याकाळची वेळ, हातात किटल्या, कॅन, कुणाच्या काखेत पोर. तिचा मुलगा फॅट मोजायच्या मशीनपाशी उभा होता. मी त्याला ओळखलं. तो वॉर्डच्या दारात उभा होता, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं होतं. हौसाबाई रांग मोडून सरळ पुढे गेली आणि डेअरीच्या पायरीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हितं चढा."

मी चढले.

"ह्या दवाखान्यातल्या बाई हायत," ती लोकांना म्हणाली. "म्या पान्यानं बरी झाली म्हनून ह्यांनीच सांगितलं हुतं. आता काय म्हनत्यात ते आयका."

माणसं बघत राहिली. मशीनचा आवाज बंद झाला. 

"मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "हौसाबाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा हात खरंच दुखत होता. आम्हाला कारण सापडलं नाही, म्हणून आम्ही त्यांनाच खोटं ठरवलं. मी त्यांना औषध म्हणून पाणी दिलं, फसवून. त्यांचा माझ्यावर विश्वास होता म्हणून त्यांना आराम पडला, आणि मी त्याच विश्वासावर हसले. तुम्हालाही हसायला शिकवलं. मलाही आता असंच दुखणं आहे. मलाही असंच पाणी दिलं आणि मलाही आराम पडला. म्हणून मला माहीत आहे. त्यांना दुखत होतं. आजही दुखतंय."

तिचा मुलगा खाली मान घालून किटलीच्या कडीशी चाळा करत होता. पुढे उभ्या असलेल्या एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. मागून, सायकलीजवळून, कुणीतरी बोललं, "बाईस्नी तांब्याभर पानी द्या रं!" आणि तिथे चार-पाच जण हसले.

मी हौसाबाईकडे बघितलं. ती त्या हसण्याच्या दिशेने बघत होती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. किटली तिने पायरीवर ठेवली.

"परत सांगा," ती म्हणाली. "मागच्यास्नी आयकू आलं न्हाई."

मी परत सांगितलं. पहिल्या शब्दापासून, ओरडून.